कृपाचं निदान

१२ जानेवारी
मोबाइलवरचा मानसशास्त्राचा कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट आलं. फ्रेम करू म्हणालो, दबोराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकोच ती.

१३ जानेवारी
पहिली केस घरातच. धाकटी बहीण कृपा नाताळात राहू गावाहून, सासरहून, आली ती इथे न्हावऱ्यातच आहे. ताट पडलं तरी दचकते. मध्येच भडकते, मग रडते. निदान: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. चहा संपायच्या आत केलं. दबोरा म्हणाली, इतकी वर्षं नवऱ्याचा, जॉन्सनचा मार खाल्लाय तिनं, दुसरं काय होणार? सायन्समध्ये असं भावनिक होऊन चालत नाही.

१५ जानेवारी
बॉर्डरलाइनचं मूळ म्हणजे आपली माणसं सोडून जातील ही भीती. टेस्ट ठरवली. कृपाला सांगितलं, आम्ही शिरूरला चाललोय, मुक्काम पडेल. आता ती कोसळणार.

संध्याकाळी
निरीक्षणाला मुद्दाम लवकर परतलो. गेटला आतून कुलूप आणि कृपा गाढ झोपलेली. हाका मारून घसा बसला. पेशंट सहकार्य करत नाही.

१९ जानेवारी
कृपाला दौंडला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सेकंड ओपिनियन; पहिलं माझं. म्हणाल्या, हा कॉम्प्लेक्स ट्रॉमा, वर्षानुवर्षं सोसलेल्या छळाचा घाव. दोन्हींत माणूस भडकतो, रडतो, म्हणून गल्लत होते. काहींना दोन्हीही असतं. बॉर्डरलाइनमध्ये समोरचा माणूस आज देव, उद्या वैरी. स्वतःबद्दलचं मतही सारखं बदलतं. हिचं एकच मत, आपण नालायक. भीती कुणी सोडून जाण्याची नाही, घडून गेलेल्याची, म्हणून माणसांपासून लांब. तिला सुरक्षित वाटू द्या. बाईंचा अभ्यास बरा आहे.

२१ जानेवारी
बाईंच्या सल्ल्यात थोडी सुधारणा केली. रविवारी उपासनेनंतर जॉन्सनला मटण खायला बोलावलं. समोरासमोर बसले की विषय मिटेल, कृपा नांदायला जाईल. तिला सरप्राइज.

२५ जानेवारी, दुपारी
जॉन्सनच्या बुलेट गाडीचा आवाज आला. कृपाच्या हातातली परात पडली. ती गोठ्यात गायीमागे जाऊन बसली. मी गेलो, कोर्सप्रमाणे शांत आवाजात म्हणालो, आम्ही तुला सोडणार नाही.
ती म्हणाली, "तुम्ही सोडाल याची भीती न्हाई, दादा. परत धाडाल याची हाय."
कोर्समध्ये हे नव्हतं.

संध्याकाळी
जॉन्सनला गेटवरूनच माघारी पाठवलं. मटण उरलं, दबोराने मला वाढलं नाही. गेटला कुलूप मी स्वतः लावलं, तसं कृपाला सांगितलं. किल्लीही तिच्याकडे दिली.
तरी ती उठली आणि कुलूप ओढून बघून आली.