गोळी म्हणजे सुपारी नव्हे

पंचवटी, नाशिक
ता. २९ ऑगस्ट १९९९

ती. यादवमामा,

तर गोळी म्हणजे सुपारी नव्हे, हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, त्याच्या मागच्या पत्रातही लिहिलं होतं, आणि तुम्ही उत्तरात काय लिहवलंत, तर सातवी नापास माणसाने आम्हाला दवापाणी शिकवू नये. मामा, मी सातवी नापास आहे हे खरं. पण गोळी मी दिलेली नाही, कळवणच्या डॉक्टरांनी दिली आहे, आणि ते सातवी नक्की पास असणार. शिवाय तुम्ही स्वतः शाळेची पायरी चढलात ती फक्त पावसात, आडोशाला (हे मामींचं बोलणं आहे, माझं नाही). तेव्हा ह्या विषयात आपण दोघं सारखेच, म्हणून मी लिहायला कचरत नाही.

रागाच्या भरात नमस्कार राहिला. तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. चैतालीचं अक्षर फार सुधारलं आहे, तिच्या हातून लिहवलेल्या तुमच्या शिव्यासुद्धा मोत्यासारख्या दिसतात. भाताची आवणी उरकली असेल. बांडी गाय व्याली का, आणि गोऱ्हा की कालवड, ते कळवावं. माझी तब्येत उत्तम आहे. तुमची कशी आहे ते मला माहीत आहे म्हणून विचारत नाही. नागपंचमीनंतरच्या मंगळवारी तुमचं तोंड अर्धा तास डावीकडे वाकडं झालं होतं आणि हातातली चहाची बशी खाली पडली होती. कोणी कळवलं ते विचारू नका. कळवणहून नाशकात रोज गाड्या येतात आणि गाड्यांत माणसं असतात. तुम्ही म्हणे सगळ्यांना सांगितलं की तंबाखू कडक होती. मामा, कडक तंबाखूने डोळ्यांत पाणी येतं, बशी पडत नाही.

हे मी मनाने रचत नाही. पाच वर्षांत मी सात कामं सोडली हे तुम्ही पाहुण्यारावळ्यांत सांगता (आठवं, लग्नाच्या बँडमध्ये खुळखुळा वाजवण्याचं, ते मी धरलेलंच नव्हतं, तेवढं हिशेबातून काढावं), पण रावजीशेठच्या रद्दीच्या गोडाऊनात चौदा महिने टिकलो, ते वाचनामुळे. काम असं की आलेली रद्दी निवडायची, मराठी वेगळी, इंग्रजी वेगळी, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा. देवळाली कॅम्पची रद्दी इंग्रजी आणि जाड, तिला भाव बरा. जुन्या नाशकातली तेलकट. ओझरच्या कॉलनीतली मात्र पाहण्यासारखी, घडी न मोडलेली, सुतळीने बांधलेली, आणि आरोग्याच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारलेल्या. तिथला कोणी साहेब स्वतःच्या तब्येतीवर महिनाभर रेघा मारतो आणि मग ती आम्हाला किलोवर विकतो. दुपारच्या सुट्टीत मी त्या रेघा वाचतो. अमेरिकेत अमुक इतकी माणसं चौदा वर्षं नजरेखाली ठेवली, त्यातली किती गेली, काय खाऊन गेली, सगळं दिलेलं असतं. तिथे माणूस गेला की का गेला ते लिहून ठेवतात. आपल्याकडे त्याची वेळ आली होती म्हणतात आणि दहाव्याला भात किती लागेल ते बघतात.

आता अडचण एवढीच की शेठला त्या पानांच्या पुड्या करायच्या असतात, त्यामुळे वरची तारीख कात्रीत जाते. फेब्रुवारीत मला एक तुकडा सापडला, की अंड्याचा पिवळा बलक हृदयाला वाईट. मी तीन महिने अंडं सोडलं. मी जेवतो त्या वत्सलाबाईंच्या खाणावळीत रविवारी अंड्याचा रस्सा असतो, तर मी नुसता रस्सा घ्यायचो आणि अंडं शेजारच्याच्या ताटात टाकायचो (पैसे पुऱ्या ताटाचे. वत्सलाबाई म्हणायच्या, "तुझं हृदय वेगळं, माझा गल्ला वेगळा"). मे महिन्यात दुसरा तुकडा हाती आला. लाखाच्या वर माणसं तपासली, धडधाकट माणसाला रोजच्या एका अंड्याने काही होत नाही. आता ह्यातलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं? दोन्हींना तारीख नाही. दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं, वह्यांत पुठ्ठा गेला, शेठ बोलले. मग मला सुचलं आणि मी तुकडे उलटे केले. दोन्हींच्या पाठीमागे लासलगावचे कांद्याचे भाव. एकावर भाव असा की न चिरता डोळ्यांत पाणी यावं, म्हणजे तो मागच्या दिवाळीच्या सुमाराचा, जेव्हा वत्सलाबाई कांदाभज्यांत कोबी घालत होत्या. दुसऱ्यावर भाव पडलेला, म्हणजे यंदाचा. वाईट अंडं महाग कांद्याचं, चांगलं अंडं स्वस्त कांद्याचं. मी त्याच रविवारी दोन अंडी खाल्ली. तेव्हापासून गोडाऊनातली माणसं तब्येतीचं काही विचारायचं तर माझ्याकडे येतात, आणि मीही कागद आधी उलटा करतो, मग बोलतो.

पण तुमच्या ब्लड प्रेशरचं तसं नाही मामा. त्याचे मी अकरा तुकडे जमवले. सहा महाग कांद्याचे, चार स्वस्त कांद्याचे, आणि एकाच्या मागे वधूवर असल्याने त्याचा काळ कळला नाही. अंड्याबद्दल शास्त्रज्ञ आपसांत भांडतात, चहाबद्दल भांडतात, तुपाबद्दल तर भावकीसारखे भांडतात, पण इथे अकराच्या अकरा एकच बोलतात. गोळी रोज. डोकं दुखो न दुखो. हे दुखणं बोलत नाही, माणसाला बरं वाटतं म्हणून तो गोळी सोडतो आणि हे आत आपलं काम करत राहतं. लोणचं-पापड कमी, तंबाखू बंद, रोज अर्धा तास झपाझप चालणं. चालण्याचं मी करून पाहिलं. कॅम्पात रद्दी आणायला गेलो होतो, टेम्पो यायला वेळ होता, म्हणून तोफखान्याच्या भिंतीकडेने घड्याळ बघत झपाझप गेलो आणि परत आलो, चार वेळा. पाचव्या वेळी मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत होतो तर पहाऱ्यावरच्या शिपायाने थांबवलं. भिंत का मोजतो म्हणाला. मी म्हटलं, भिंत नाही, नाडी. त्याने हवालदाराला बोलावलं. हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं, मग हात पुढे केला आणि म्हणाला, "देख, मेरी कितनी है." टेम्पो आला तेव्हा मी सहाव्या जवानाची मोजत होतो. तुम्हाला मात्र चालायला सांगण्याची गरज नाही, तुम्ही बांधावरून दिवसभर चालताच. तुमचं अडतं ते चंचीपाशी.

मी आखाजीच्या सणाला आलो तेव्हा स्वतः पाहिलं, म्हणून लिहितो. आपल्या ओसरीवर आलेला माणूस चंची सुटल्याशिवाय गेला नाही, ही आजोबांपासूनची रीत, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण चंचीत पान, चुना, कात, तंबाखू आणि अडकित्त्याखाली डॉक्टरांच्या गोळ्यांची पट्टी. एकाचं डोकं जड, त्याला पानाआधी एक. भागीबाईचा गुडघा, तिला एक. बाईमाणसाला आणि पोराला अर्धी, ती तुम्ही अडकित्त्याने इतकी बरोबर कापत होतात की मेडिकलवाल्याला जमणार नाही. मी म्हटलं, मामा, ही तुमची आहे. तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "मी एकटा खाऊन काय करू? गावाला गुण येतोय ना?" आणि मलाही एक पुढे केलीत, "घे रे, डोकं हलकं व्हतं." घरच्या ओसरीवर मामाच्या हातचं नको म्हणता येत नाही. मी घेतली. तासाभराने सगळ्यांच्या पाया पडायला वाकलो, उठलो, आणि सांजोऱ्यांच्या परातीत गेलो. कपाळ पुसलं तर रवा निघाला. तुम्ही म्हणालात, "बघा, लागू पडली."

पुढचं तर ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. महिन्याच्या तीस गोळ्या तुमच्याकडे आठ दिवसांत संपत होत्या. जूनमध्ये डॉक्टरांनी पट्टा बांधून मोजलं तर एकशे ऐंशी वर एकशे दहा. त्यांनी विचारलं, गोळ्या घेतल्या ना? तुम्ही छातीवर हात ठेवून सांगितलंत, "एक बी शिल्लक नाय." हे खरंच होतं. मग त्यांना वाटलं की एवढ्या गोळ्या खाऊनही उतरत नाही म्हणजे दुखणं जबर आहे, त्यांनी दुप्पट ताकदीची दिली. ती तुम्ही त्याच इमानाने वाटलीत. भागीबाई नागली दळायला बसली ती दुपारपर्यंत जात्याशेजारी आडवी होती, आणि उठून म्हणाली की नवी गोळी लय चांगली, झोप लागते. मामा, ह्यात कळवणच्या डॉक्टरांचा दोष नाही. ते एका माणसाला औषध देत होते आणि खात होतं गाव.

म्हणून मागच्या आठवड्यात मी आमच्या गल्लीच्या टोकाला आशाबाई डॉक्टरीण बसतात त्यांच्याकडे गेलो. त्यांना चंचीपासून बशीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मामांच्या गावात ह्या गोळीवर एकूण किती माणसं आहेत?" मी आठवून आठवून मोजली, एकोणीस झाली. त्या म्हणाल्या, "आणि मामा?" मी म्हटलं, मामा उरली तर घेतात.  त्या म्हणाल्या की हे हसण्यासारखं नाही (मी हसत नव्हतो), तोंड वाकडं होऊन आपोआप सरळ झालं ही सूचना असते, दुसऱ्या वेळी ते सरळ होईलच असं नाही, आणि हात, पाय, वाचा, काहीही जाऊ शकतं. जीवसुद्धा. पोटात किती गोळ्या गेल्या हे कळल्याशिवाय गोळी चालते की नाही ते कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना घेऊन या, म्हणाल्या.

नाशिकला तपासायला या, असं मी तुम्हाला मागेही लिहिलं होतं, तर तुमचं उत्तर असं की नाशिकला माणूस एकदाच जातो, मडक्यातून. ह्यावर मी काय लिहू? तुम्ही मोठे आहात. मी तुम्हाला ओढून आणू शकत नाही. तुमची गोळी, तुमची चंची, तुमची ओसरी. माझ्याकडून विषय संपला. भागीबाईला सांगावं की गुडघ्याला तेल लावावं आणि तुमची गोळी तोंडात टाकू नये. मामींनी स्वतःला जपावं.

आपला,
झुंबर

ता. क. वर तब्येत उत्तम लिहिलं ते मामींना घोर नको म्हणून. आशाबाईंनी तुमची हकीकत ऐकता ऐकता सहज माझ्या दंडालाही पट्टा बांधला, तर एकशे साठ वर शंभर निघालं. वय चोवीस. त्यांनी पुन्हा मोजलं, तेवढंच. येत्या सोमवारी, सहा सप्टेंबरला, रक्त, लघवी, छातीची पट्टी असं सगळं काढायचं आहे आणि त्या म्हणतात की रक्ताचं माणूस सोबत लागतं, त्याचंही मोजावं लागतं, म्हणजे हे घराण्यातून आलं की कसं ते समजतं. आई-बाप मला नाहीत. रक्ताचे म्हणाल तर तुम्हीच. मी एकटा जाणार नाही, मला भीती वाटते. तुम्ही आला नाहीत तर मी तपासणी करणार नाही आणि गोळीही खाणार नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने या. येताना तुमची पट्टी आणा, उरली असेल ती.

ता. क. दुसरा. चैताली, इथपर्यंत मोठ्याने वाच आणि इथून पुढे मनात. बाबांना अक्षर कळत नाही पण कागद किती उरला ते दिसतं, म्हणून त्यांनी विचारलं तर सांग की खाली तपासण्यांची नावं आहेत, इंग्रजीत. तू मागच्या पत्राच्या कडेला बारीक अक्षरात बशीचं लिहिलंस ते बरं केलंस. माझं एकशे अठरा वर शहात्तर आहे, आशाबाई म्हणाल्या घोड्यासारखा आहेस. पण बाबा स्वतःसाठी कळवणच्या पुढे यायचे नाहीत. मी लहान असताना मला ताप मेंदूत गेला होता तेव्हा पूर आला म्हणून गाड्या बंद होत्या, त्यांनी मला खांद्यावर टाकून वणीपर्यंत चालत आणलं होतं. तेवढ्या भरवशावर खोटं लिहिलं आहे. मामींना खरं सांग आणि बाबांसोबत पाठव, त्यांना रडू देऊ नको, निदान गाडी सुटेपर्यंत. तू दोन दिवस भागीबाईकडे जेव. मामी मंगळवारी परततील. बाबांना मी महिनाभर ठेवून घेणार, रोज सकाळी माझ्यासमोर एक गोळी, इथे ओसरी नाही आणि त्यांच्या ओळखीचं कोणी नाही. मनीऑर्डर मामींच्या नावाने केली आहे. तिकीट माणशी अडतीस. मामींचं येण्याचं आणि जाण्याचं, बाबांचं फक्त येण्याचं. एकशे चौदा रुपये.