करूरहून परतलेली गाडी

तंजावूर,
९ डिसेंबर १९५८

चि. सौ. राजम हीस वादिराजकाकाचे अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकशील. इकडे राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत सर्व क्षेम. विशेष म्हणजे तुझ्या अप्पांनी, आमच्या सांबशिवाने, जुनी ऑस्टिन गाडी घेतली आहे. साठीत गाडी शिकलेला माणूस. वळण आले की हॉर्न आणि देवाचे नाव दोन्ही एकदम सुरू होतात. मार्गळी महिन्याच्या थंडीत आपण दोघे मित्र निलगिरी पाहून येऊ, म्हणून सांबशिव महिनाभर माझ्या मागे आहे. पण डोंगराचे निमित्त. कोयंबतूर वाटेवर आहे आणि तुझा पत्ता त्याच्या खिशात आहे, तो मी पाहिला.

त्याच्या नकळत लिहितो आहे. बावीसला निघू, करूरला मुक्काम करून तेवीसच्या दुपारी तुझ्याकडे. एकच सांगणे, त्या जुन्या पत्राचा विषय काढू नकोस. म्हाताऱ्याला त्रास होईल.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहेच, ती तशीच राहो.
वादिराज

कोयंबतूर,
१४ डिसेंबर १९५८

ती. वादिराजकाका यांस राजमचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून चुलीपुढेच बसून राहिले. यांनी काय झाले विचारले, तर तंजावूरचे पत्र एवढेच म्हणता आले. आमची कामाक्षी चार वर्षांची झाली. मराठी सगळे समजते, पण उत्तर तमिळमध्ये देते. अप्पांना हसू येईल.

काका, विषय काढू नको म्हणता. पण 'तू मला मेलीस, या घराची पायरी चढू नकोस' हे वाचल्यावर मी अप्पांपुढे कशी उभी राहू? त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून तुमच्या हातून लिहविले. तमिळमध्ये लिहिले असते तर यांनी वाचले असते, ती लाज त्यांनी राखली, असेच मी आजवर समजत आले. नंतर कितीदा कागद पुढे घेतला आणि तसाच घडी घालून ठेवला. आता ते येताहेत म्हणजे शब्द मागे घेतले, असे धरू का? माझ्यासाठी एकदा विचारा. नाही म्हणाले तरी या. चिंचेचे सांबार करून ठेवते.

आपल्या मायेची,
राजम

तंजावूर,
२९ डिसेंबर १९५८

चि. सौ. राजम हीस आशीर्वाद.

फार वाईट वाटते. करूरला गाडी बिघडली, सांबशिवाला थंडी बाधली, म्हणून तिथूनच परतलो. तुझे पत्र आम्ही निघाल्यावर आले असावे, ते आज पाहिले. त्यामुळे तू विचारलेले राहून गेले. पुन्हा योग येईल. मनाला लावून घेऊ नकोस.

वादिराज

कोयंबतूर,
४ जानेवारी १९५९

ती. काकांस राजमचा नमस्कार.

आम्ही दोन दिवस वाट पाहिली. आजोबा आले समजून कामाक्षी प्रत्येक मोटारीला ताता म्हणून हाक मारी. असू दे. अप्पांचा ताप उतरला का? त्यांना विचारून कळवा, आम्हीच येऊ. उत्तराची वाट पाहते.

राजम

तंजावूर,
२० मार्च १९५९

चि. सौ. राजम हीस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही. तुझ्या चार जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिले नाही आणि दोन मार्चला सांबशिव गेला. तार पोचून तू आलीस तेव्हा सगळे आटोपले होते. तेराव्याला माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडलीस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

गाडी बिघडली नव्हती. ताप आला नव्हता. तुझे पत्र निघण्याआधीच माझ्या हाती पडले होते आणि सगळ्या वाटेत माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. कुळित्तलैपर्यंत कावेरीवर धुके, तरी सांबशिव मजेत होता. आम्ही दोघे शाळा चुकवून तिरुवैयारूला पोहायला जात असू, ते सांगत होता. करूरला सकाळी कॉफी घेताना त्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "वादिराजा, मी बोलावले होते, मग पोर का आली नाही? आता तरी दार उघडेल का?"

मी म्हटले, पाच वर्षांत तिने एक ओळ लिहिली नाही, काही सांगता येत नाही.

त्याने अमरावती नदीच्या पुलाकडे एकदा पाहिले. मग गाडी वळवली.

राजम, 'तू मला मेलीस' हे वाक्य त्याचे नव्हते. माझे होते. त्याने सांगितले ते मी लिहिलेच नाही. आमच्या मुलासाठी, चिदंबरसाठी, तू मनात होतीस. सांबशिवाकडे शब्द टाकणार, तोच तुझ्या लग्नाची बातमी आली. तो अपमान मी त्याच्या नावाने तुझ्यावर काढला. तुम्ही दोघे भेटला असता तर हे उघडे पडले असते. म्हणून त्याला परतू दिले. लहानपणी तुला देवनागरी गिरवायला मीच शिकवले होते.

वादिराज

कोयंबतूर,
२ एप्रिल १९५९

वादिराजकाकांस,

पत्र तीनदा वाचले. यांना अजून सांगितलेले नाही. क्षमा केली असे लिहावे म्हणून दोनदा बसले, पण हात चालला नाही. तेराव्याला तुमच्यापाशी रडले, त्याचा मात्र मला राग येतो.

अप्पांनी बोलावले होते म्हणता. कोणत्या शब्दांत? त्या दिवशी त्यांनी सांगितले तेवढेच मला लिहून पाठवा. तुमचे एक अक्षर त्यात घालू नका. मग पुन्हा लिहू नका.

राजम

तंजावूर,
९ एप्रिल १९५९

राजम, मला न विचारता लग्न केलेस. फार राग आला आहे. महिनाभर मला पत्र लिहू नकोस, मी काहीतरी वेडेवाकडे बोलेन. दिवाळीला दोघे या. त्याला तिखट कितपत चालते, ते आधी कळव.