यंदा पुस्तक आलं नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो तेव्हा कमरेने जो आवाज केला, तोही सोबत पाठवतो आहे.)

तुझी तब्येत, भावोजींचा खोकला, भाच्याची नवी नोकरी आणि तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या हे सगळं उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा आणि लाँड्रीचं शटर एकाच वेळी कुरकुरायला लागले आहेत. शटर तेल घातलं की निदान गप्प बसतं. (हे वाक्य तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस.) अक्षर एवढं मोठं का, असं तुला वाटेल. बॉलपेन संपलं, म्हणून गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर नंबर घालायच्या जाड पेनाने लिहितो आहे. एका पानावर चार ओळी मावतात न मावतात, त्यामुळे पाकीट चांगलंच गलेलठ्ठ झालं आहे. आत नोटा असतील असं समजून भाच्याने हुरळून जाऊ नये.

आता मुद्द्याचं. माझा वाढदिवस होऊन गेला आणि यंदा तुझं पुस्तक आलं नाही. लाँड्री टाकल्यापासून दर वाढदिवसाला तुझ्याकडून एक पुस्तक येतं. माणसाने स्वतःला कसं घडवावं, मन कसं शांत ठेवावं, आयुष्याकडे नव्या नजरेने कसं पाहावं, असलं काहीतरी. इतरांच्या बहिणी शर्ट पाठवतात. (मला शर्टाचं अप्रूप नाही, दिवसभर तेच बघतो, पण माझं म्हणणं तुला कळलं असेल.) बरं, नुसतं पुस्तक पाठवून तू थांबत नाहीस. आधी स्वतः ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतेस, आणि जिथे जिथे माझी आठवण होईल त्या ओळीखाली पट्टी ठेवून पेन्सिलीने सरळ रेघ मारतेस. लेखक बिचारा सगळ्या जगाला चार गोष्टी सांगत असतो, त्यातल्या माझ्या वाट्याच्या तू निवडून देतेस. आळसावरच्या पुस्तकात तर रेघ नसलेल्या ओळी शोधाव्या लागल्या होत्या.

यंदा टपालवाल्याकडे आठवडाभर आशेने पाहत राहिलो. शेवटी तोच मला टाळून पलीकडच्या फुटपाथने जायला लागला. पुस्तक न येण्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर मी पुरता सुधारलो, नाहीतर तू माझा नाद सोडलास. पहिला अर्थ मी तुझ्या भावजयीला बोलून दाखवला, तर ती इतकी हसली की तिचा गुडघा दुखायचा राहिला. म्हणजे उरला दुसरा. आणि ताई, खरं सांगतो, त्याने मला झोप नाही. पुस्तकं यायची तेव्हा मी कुरकुर करायचो हे कबूल. पण कुणीतरी आपल्याला अजून सुधारण्यासारखा समजतंय, याचा केवढा आधार असतो, ते पुस्तक बंद झाल्यावर कळलं.

मी सुधारलेलो नाही याचे पुरावे देतो, म्हणजे तुला फेरविचार करता येईल. रागावरचं पुस्तक आठवतं? राग आला की तोंड उघडण्याआधी मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजायचे, या ओळीखाली तू दोनदा रेघ मारली होतीस. मी ते मनापासून पाळायचं ठरवलं. समोरच्या इमारतीतला वकील काउंटरवर उभा राहून, मागच्या खेपेला बटण तुटलं म्हणून मला बोलत होता. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि सावकाश मोजायला लागलो. सहापर्यंत मन खरोखर शांत होत आलं होतं. आठला मला करपल्याचा वास आला. दहाला डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं, की मोजायला सुरुवात केली तेव्हा माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, इस्त्रीखाली शर्ट होता आणि शर्ट त्याच वकिलाचा होता. (लेखकाने हे पुस्तक पंख्याखाली बसून लिहिलं असावं. हातातलं काम आधी खाली ठेवा, अशी एक ओळ टाकली असती तर बरं झालं असतं.) वकिलाने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो मोजत बसला नाही.

मग पसारा आवरण्याचं आलं. ज्या वस्तूला वर्षभर हात लावला नाही तिला निरोप द्या, म्हणजे मन मोकळं होतं. आमच्याकडे मागच्या दांडीवर एक काळा कोट वर्षानुवर्षं लटकत होता. मालक धुवायला देऊन गेला तो गेलाच. मी त्या कोटाला प्रेमाने निरोप दिला आणि तो कोपऱ्यावरच्या बँकेच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. मन खरंच मोकळं झालं. पण कोट होता त्याच बँकेच्या कॅशियरचा. त्याची मधे लांब बदली झाली होती. तो परत आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्याच कोटाने त्याला दारात सलाम ठोकला. पुढे काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की पहारेकरी कोट परत करायला तयार नव्हता, कारण पसारा आवरताना मीच कोटासोबत देऊन टाकलेलं ते पुस्तक त्याने तोवर वाचलं होतं आणि ज्या वस्तूने आनंद होतो ती जपावी हे त्याला पटलं होतं.

पण कळस झाला तो गेल्या वर्षीच्या पुस्तकाने. लोकांचं कसं ऐकावं, लोकांशी कसं बोलावं यावरचं ते. उघडून पाहतो तर तुझ्या रेघा ओळींखाली नव्हत्या, थेट अक्षरांवरून गेल्या होत्या. पट्टी लावून, अगदी सरळ. 'समोरच्याचं शांतपणे ऐकून घ्या', खोडलेलं. 'कुणाच्या उणिवा तोंडावर काढू नका', खोडलेलं. मी बराच वेळ विचार केला आणि मला वाटलं, ताईचं मत बदललं. इतकी वर्षं ऐकून घेऊन भावाचं काही भलं झालं नाही, आता त्याने खणखणीत बोलावं असं तिला वाटतंय. मग काय, तुझी आज्ञा शिरसावंद्य. शाळेच्या हेडमास्तरांना सांगितलं, की पँट माझ्या धुण्याने आटलेली नाही, पोट तुमच्या खाण्याने सुटलंय. मेहुण्याला त्याच्या गाण्याबद्दल सांगितलं. त्याचं गाणं त्या दिवसापासून बंद झालं, बोलणंही बंद झालं. (पहिल्याबद्दल शेजाऱ्यांनी माझे आभार मानले.) वर्षभरात गिऱ्हाइकं निम्मी झाली आणि घरीदारी माझ्याशी बोलणारं फक्त शटर उरलं.

त्याच भरात मी तुझ्याकडे आलो होतो. बेल वाजवली, दार तू उघडलंस, मी हातभर अंतरावर उभा, आणि तू म्हणालीस, "कोण?" मी बरेच महिने फिरकलो नव्हतो म्हणून हा टोमणा आहे, असं मी धरून चाललो. आणि टोमणा ऐकून घ्यायचा नाही असं तर पुस्तकात तूच खोडून सांगितलेलं. तेव्हा उंबऱ्यावरच तुला चार गोष्टी सुनावल्या, आत पाऊलही न टाकता जिना उतरलो, आणि तू वरून हाक मारत होतीस तरी मागे पाहिलं नाही. त्यानंतर आला वाढदिवस, आणि पुस्तक नाही.

तरी, ताई, मी अजून बराच कच्चा आहे हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. राग सोड आणि एखादं जाडसं पुस्तक पाठवून दे. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, कुंड्यांना पाणी.

तुझा, अजून पुष्कळ काम शिल्लक असलेला,
धाकटा

ता. क. मेहुणा परवापासून पुन्हा बोलायला लागला. त्याने गाऊन दाखवलं आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खोडलेल्या ओळी पाळून पाहिल्या म्हणून हे जमलं.

ता. क. दुसरा. त्या ओळी मुळात खोडलेल्या नव्हत्याच. तुझा राग नक्की कशाचा, ते शोधायला मी गेल्या वर्षीचं पुस्तक पुन्हा काढून बसलो. पुढच्या पानांवर एक रेघ दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेत होती. एक अर्धी समासात आणि अर्धी चित्रावर. निम्म्या पुस्तकानंतर रेघाच नाहीत. कोऱ्या जागेत माझ्यासाठी कुठला उपदेश असेल, यावर मी आधी डोकं खाजवलं. मग एकदम तुझं दारातलं "कोण?" आठवलं, आणि मी पुस्तक मिटलं. ताई, तो टोमणा नव्हता. तू खरंच विचारत होतीस. दिसत नाही हे कुणाला कळू न देता, पट्टी चाचपत, अंदाजाने, माझ्यासाठी रेघा मारत होतीस. आणि मी त्याच पुस्तकाच्या जोरावर तुलाच सुनावून गेलो. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतंय.

ता. क. तिसरा. बॉलपेन संपलेलं नाही. हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये, म्हणून या पेनाने लिहिलं. उजेडात खिडकीशी धरलंस तर जमेल. भाच्याला मी एका शब्दाने बोललेलो नाही. सांगायचं तेव्हा तूच सांग.

ता. क. शेवटचा, आणि पत्र लिहिलं ते खरं यासाठी. रविवारी लाँड्री बंद असते, पण डोळ्यांच्या डॉक्टरचा दवाखाना उघडा असतो, चौकशी केली आहे. ऑपरेशनची भीती वाटत असेल, तर भीतीवरचंच पुस्तक मी या वेळी स्वतः विकत आणलंय. तिथे आपला नंबर लागेपर्यंत मी वाचून दाखवीन. जिथे माझी आठवण होईल तिथे बाकावर बोट वाजव, रेघ मी ओढतो. (जिथे मला तुझी आठवण होईल तिथलीही ओढीन, त्याबद्दल कुरकुर चालणार नाही.)

बेल वाजली की खुशाल विचार, कोण म्हणून. मी सांगेन.