जिना खालून पाहिल्याचा वृत्तांत

आदरणीय साडूभाऊ (वयानं थोरले, आवाजानं त्याहून थोरले),

तुम्हांला आणि मोठ्या ताईंना कमरेतून वाकून नमस्कार. कमरेतूनच, कारण मान सध्या वाकत नाही. ती का वाकत नाही हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मोठ्या ताईंची रक्तदाबाची गोळी आता त्या स्वतः घेतात, की अजून तुम्हीच आपली समजून घेता? इकडे सगळे खुशाल. तुमच्या मेहुणीनं (म्हणजे आमच्या हिनं) निरोप दिला आहे की पत्र थोडक्यात लिहा, साडूभाऊ शेवटपर्यंत वाचत नाहीत. तेव्हा थोडक्यात लिहिणार नाही.

आमच्या लाकडी जिन्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मीच नकाशे काढतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. (दर लग्नात तुम्ही माझी ओळख ‘हे सुतारकामात असतात’ अशी करून देता, तरी ठाऊक आहे.) जुन्या मालकांनी गेल्या वर्षी अंग काढून घेतलं आणि त्यांची मुलगी खुर्चीवर बसली. या मालकीणबाईंना मी भुशाच्या ढिगावरून घसरगुंडी खेळताना पाहिलंय, त्यामुळे त्यांचा धाक बसायला मला जरा वेळ लागला. तो एका सोमवारी बसला. सकाळी आलो तर माझा ड्रॉइंग बोर्ड जागेवर नाही, तिथे कॉम्प्युटर. बोर्डाला चार पाय ठोकून तो मागच्या खोलीत नेला होता आणि त्यावर चहाचे कप मांडले होते. बाई म्हणाल्या, “मास्तर, आता सगळे जिने यात काढायचे. म्हणजे गिऱ्हाइकाला चहूबाजूंनी फिरवून दाखवता येतात.” मी म्हटलं, “आजवर मी एकही जिना फिरवलेला नाही. फिरायचं ते गिऱ्हाईक फिरतं.” त्या गोड हसल्या. मालक माणूस गोड हसला की विषय संपला असं समजायचं, एवढं चौतीस वर्षांत कळलेलं आहे.

मला शिकवायला शिफ्टबाई नेमल्या. त्या आमच्याकडे पूर्वी टायपिंग करायच्या, मग हे कॉम्प्युटरचं शिकल्या आणि आता आमचे सगळे जिने त्याच उभे करतात. खरं नाव वेगळं, पण दर वाक्यात ‘शिफ्ट दाबा’ येत असल्यामुळे कारखान्यानं हे नाव ठेवलं. स्वतः पन्नाशीला टेकल्या आहेत, तरी मला काका म्हणतात. (मी एकसष्ट. हिशेब तुम्हीच करा.) त्यांनी समजावलं ते असं : माऊसच्या मधलं चाक पुढे फिरवलं की चित्र जवळ येतं, मागे फिरवलं की लांब जातं. चाक दाबून धरून माऊस सरकवला की चित्र सरकतं. शिफ्ट दाबून तेच केलं की चित्र गरगर फिरतं. आणि चित्र हरवलं तर चाकावर दोनदा टिचकी मारायची, सगळं पुन्हा पडद्यावर हजर होतं. ऐकायला किती सोपं! पण दाबायचं ते एकच चाक, त्याच्यावर तीन कामं, आणि माझी बोटं पेन्सिल धरायला घडलेली. चाक दाबायला जावं तर फिरतं, फिरवायला जावं तर दाबलं जातं.

पहिल्या दिवशी जिना उजवीकडे सरकला तो सरकतच राहिला आणि पडद्याबाहेर गेला. मी वाकून मॉनिटरच्या मागे पाहिलं. (हसू नका. तुम्ही रिमोटमधल्या बॅटऱ्या दुपारी उन्हात वाळत घालता.) दुसऱ्या दिवशी चाक इतकं पुढे फिरवलं की मी थेट लाकडाच्या आत शिरलो आणि पडदाभर नुसता तपकिरी रंग पसरला. मशीन बंद पडलं असेल, करतील सुरू, म्हणून मी पाऊण तास हाताची घडी घालून बसलो. पॉलिशवाला जाता जाता थांबला आणि म्हणाला, “मास्तर, शेड झकास निवडलीत.” तिसऱ्या दिवशी शिफ्ट जमलं. जिना उलटा झाला, आडवा झाला, तिरपा झाला, आणि त्याला सरळ पाहायचं म्हणून त्याच्याबरोबर मीही. घरी आलो तो मान डाव्या खांद्यावर ठेवूनच. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “काही जड उचललंत का?” मी म्हटलं, “नाही हो, जिना फिरवला.” त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून मला महिनाभर पट्टा दिला.

पट्टा लावून चौथ्या दिवशी गेलो आणि कहर झाला. शिफ्टच्या शेजारचं काहीतरी दाबलं गेलं, मी आपला माऊस सरकवत राहिलो. चित्र यावेळी किती आज्ञाधारकपणे सरकतंय याचं कौतुकही केलं. संध्याकाळी शिफ्टबाईंनी फाइल उघडली आणि त्या किंचाळल्या, “काका, जिना संडासात कसा गेला?” मी नुसतं चित्र सरकवत नव्हतो, जिनाच उचलून नेला होता. बाईंनी मला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं, “काका, चाकानं फिरता ते तुम्ही. जिना जागचा हलत नाही. तो हलला तर तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलंय.” खरं सांगतो, साडूभाऊ, ते ऐकल्यावर मला जरा सुचायला लागलं. आपण जिन्याभोवती चालतोय असं समजून हात हलवला की माऊस ऐकतो.

आता मुख्य गोष्ट. संडासात गेलेला तो जिना दातांच्या एका डॉक्टरांचा. त्यांचा नवा दवाखाना दोन मजली, खाली थांबायची जागा, वर दात काढायची खुर्ची, मधे आमचा गोल लाकडी जिना. नकाशा मी बोर्ड जायच्या आधीच कागदावर काढून दिला होता. त्यावरून शिफ्टबाईंनी अख्खी इमारत, भिंती-तुळयांसकट, कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती. सोमवारी पायऱ्या कापायला जायच्या होत्या. गुरुवारी दुपारी डॉक्टर बघायला येणार, आणि मालकीणबाईंचा हुकूम असा की जिना मास्तरांचा आहे, तेव्हा तो मास्तरांनीच फिरवून दाखवायचा.

गुरुवारी सकाळी मी एकटा सराव करत होतो. शिफ्ट दाबलं, चाक दाबलं, हात घसरला, आणि मी भस्सकन जिन्याच्या खाली गेलो. जमिनीवर उताणं पडून वर बघितल्यासारखं. टिचकी मारून बाहेर पडणार, तेवढ्यात दिसलं की पायऱ्यांना आडवं काहीतरी जातंय. तुळई. दहाव्या पायरीच्या बरोबर वर. मापलं तर पायरीपासून तुळईपर्यंत पाच फूट एक इंच. पुन्हा मापलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून मापलं. मग कपाटातून माझा कागद काढला. वरून पाहिलेल्या नकाशात तुळई ठिपक्यांच्या रेघेनं दाखवलेली, माझ्याच हातची. पण उभा छेद (इमारत कापून बाजूनं पाहिल्यासारखं चित्र) मी घेतला होता तो तुळईच्या चार बोटं बाजूनं, म्हणून छेदात तुळई नाही, आणि छेदात नाही म्हणून माझ्या डोक्यातही नाही.

कान गरम झाले, साडूभाऊ. मास्तरांचा कागद असला की डोळे मिटून करवत चालवायची, असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्यांनी खरोखर डोळे मिटून चालवली असती. तुमच्यापासून लपवत नाही (लपवलं तरी ही सांगेल), माझ्या मनात पहिलं आलं ते हे की याच मशीननं जिना एकदा संडासात नेला होता, तेव्हा तुळईही त्यानंच आणली म्हणून कोण शंका घेणार? शिफ्टबाईंनी उभारताना चूक केली म्हटलं तरी खपलं असतं. दहा मिनिटं हा विचार मी मांडीवर घेऊन बसलो. तो काही उतरेना, तेव्हा तडजोड काढली : समोरून, वरून, उजवीकडून असं छान छान दाखवायचं आणि डॉक्टर गेले की शनिवारी गुपचूप काय ते बघायचं.

डॉक्टर आले. उंची सहा फूट तीन इंच. मी समोरून दाखवला. म्हणाले, छान. वरून दाखवला. वा, छान. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आता मला पायऱ्यांवरून चालत वर न्या ना.” माझा हात थांबला. मी शिफ्ट विसरलो असं वाटून शिफ्टबाईंनी हळूच, कुणाला दिसणार नाही असं, माझ्यासाठी शिफ्टवर बोट ठेवलं. ज्या बाईच्या गळ्यात मी सकाळी तुळई बांधायला निघालो होतो ती ही बाई! मी माऊस सोडला आणि म्हटलं, “डॉक्टर, दहाव्या पायरीवर तुमचं कपाळ तुळईवर आपटेल. चूक कॉम्प्युटरची नाही, बाईंची नाही. माझी आहे.” बाहेरची करवत थांबली. (चहाची वेळ झाली होती, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.) मग मी स्वतः शिफ्ट दाबलं, चाक दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जिथे जायचं तिथेच गेलो. जिन्याखाली.

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, “म्हणजे मास्तर, पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच दात पडलेले असणार.” आणि स्वतःच हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. शिफ्टबाई मात्र पडद्याकडे बघत म्हणाल्या, “काका, सुरुवातच पाव वळसा पुढून घेतली तर?” पुढचे दोन तास आम्ही चौघं एका पडद्यावर डोकी घालून होतो. शिफ्टबाई जिना हलवत होत्या, मी आम्हां सगळ्यांना त्याच्याभोवती हिंडवत होतो, वर, खाली, पायरीवर, तुळईला टेकून. शेवटी तुळई दहाव्या पायरीवरून तिसरीवर गेली. तिथे उंटसुद्धा चढेल. वर बाहेर पडायचं तोंड खिडकीकडे गेलं, ते डॉक्टरांना उलट आवडलंच.

ते गेल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, “बोर्डावर असता तर?” मी म्हटलं, “सोमवारी लाकूड कापलं असतं, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळाला टाके घातले असते.” त्यांनी कपाटातल्या माझ्या जुन्या नकाशांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मास्तर, तुमचे जुने जिने पण एकेक करून यात चढवा आणि खालून बघा.” मी म्हटलं, जुनं कशाला उकरायचं? त्या म्हणाल्या, “लोक अजून त्यांवरूनच चढतात ना?” यावर उत्तर असेल तर कळवा, मला सापडलं नाही. तेव्हापासून तेच करतो आहे. कॉम्प्युटरबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. तो उद्धट आहे, आणि खरा आहे म्हणून जास्त उद्धट आहे.

पट्टा घामानं चिकटतो आहे, म्हणून आवरतो. घरातल्या लहानांना टपल्या, मोठ्यांना पुन्हा कमरेतून.

तुमचा,
ताठ मानेचा साडू

ता. क. १ : आमच्या हिनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, चूक कबूल केली ती अर्धा दिवस उशिरा केली, हे एवढं फुगवून लिहायची गरज नव्हती.

ता. क. २ : एक किरकोळ काम होतं. घरात मोजपट्टी असेलच. तुमच्या माळ्याच्या जिन्याच्या आठव्या पायरीपासून वरच्या तुळईपर्यंतचं अंतर, सहज म्हणून, मापून कळवाल का? तो जिना मीच काढला होता आणि जुन्या जिन्यांत काल त्याची पाळी आली. गेली पंधरा वर्षं तिथे तुमचं कपाळ आपटतं आणि मी दर वेळी चारचौघांत ‘साडूभाऊ, जरा बघून चालत जा’ म्हणतो. पाच फूट तीन इंच भरलं तर ते वाक्य मागे घेतलं असं समजावं. एकदा तुम्हांला कम्पाउंडरकडे टाके घालावे लागले, तेव्हाचंही धरून. हे मोठ्या ताईंना मात्र सांगू नका.

ता. क. ३ : मोठ्या ताई, पत्र आधी तुम्हीच उघडता हे मला माहीत आहे. तुमची उंची चार फूट अकरा असल्यामुळे जिन्यात काही खोट नाही हे तुम्हांला पटलेलंच असेल. मोजपट्टी त्यांच्या हातात द्या, आणि ते मापायला चढले की सातव्या पायरीला खालून मोठ्यानं ओरडा, “वाका!”