मातीनं बुजवलेली ढोली

१२ एप्रिल, रविवार, संध्याकाळ. दर्यापूर

टीव्हीवरचे झाडापाखरांचे कार्यक्रम म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असं मी बायकोला, सुमनला, रोज म्हणतो. आज चहाच्या वेळी तिनं तसाच एक लावला होता, म्हणून मी सहज टेकलो. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड मातीनं बुजवून घेते आणि आत बसून पंखांची पिसं गाळते. फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला कित्येक आठवडे भरवतो.

ती फट पाहिली आणि मी उठून उभाच राहिलो.

"काहून उठले तुमी?" सुमननं विचारलं.

आमच्या वावरातल्या कडुनिंबाला अगदी तशीच बुजवलेली ढोली. गुरुवारी खालून पाहिली होती आणि गांधीलमाशांचं घर समजलो होतो. सावलीत कपाशी येत नाही म्हणून झाड तोडायला मीच सांगितलेलं. झाड तोडणाऱ्या रामभाऊला लगेच फोन लावला.

"मास्तर, झाड तं दुपारीच पाडलं," तो म्हणाला. "ढोलीत एक पाखरू होतं. पंखाले पिसंच नव्हती त्याच्या. मेलं."

चाळीस वर्षं हेच वावर कसतो. शाळेत पोरांना पक्षी शिकवले. आणि हे मला माहीत नव्हतं? हा कार्यक्रम कालच का नाही पाहिला मी?

तोच पुढं म्हणाला, "दुसरं एक तिथंच घिरट्या घालून राहिलं होतं, मास्तर. चोचीत उंबर धरून."