वारा एकदाच विकता येतो

अण्णा, तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी नाशकात एक नवं काम निघालं आणि ते माझ्या वाट्याला आलं. एखादी इमारत पर्यावरणाला जपून बांधली असेल, तर तिला तसं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी पाणी, रंग, काच, वीज, सगळ्याचे पुरावे पाठवावे लागतात. माझ्याकडे वीज होती. इमारतीनं वाऱ्यापासून झालेली वीज विकत घेतलीय, हे सिद्ध करायचं. तुमचा जन्म कोळशाच्या वीज केंद्रात गेला. तुम्ही लगेच विचारलं असतंत, "तारेतून आलेली वीज वाऱ्याची का कोळशाची, ओळखायची कशी गं?"

ओळखता येत नाही, अण्णा. डोंगरावरची पवनचक्की आपली वीज सगळ्यांच्याच तारांत सोडते. आम्ही दाखवतो ते इतकंच, की इमारतीनं जेवढी वापरली तेवढी वाऱ्याची वीज तिच्या नावानं तारांत आली आणि ती दुसऱ्या कुणाला विकलेली नाही.

मी चौथीत असताना तुम्ही मला कंट्रोल रूममध्ये नेलं होतं. मला स्टुलावर उभं करून तुम्ही भिंतीवरची तबकडी दाखवताय. "काटा जरा खाली आला ना? बाहेर लोकं दिवे लावाय लागले, विजेची ओढ वाढली की काटा खाली येतो." मी विचारते, उरलेली वीज ठेवून द्यायची का? "ठेवता येत नाय. झाली की लगेच वापरायची. वापरली की गेली." कुठे गेली, यावर तुम्ही अडलात. दुसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणालात, "साहेबांना विचारलं. शेवटी सगळ्याची ऊब होते आणि हवेत जाते." आई हसली, पण तुमचा चेहरा असा होता की जणू तुम्हालाच नवं काही मिळालंय.

गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसच्या इमारतीचं काम होतं. उद्घाटन ठरलेलं. तेवढ्यात तपासणाऱ्यांचा प्रश्न आला: याच पवनचक्कीची, याच महिन्यांची वीज एका कारखान्यानंही दाखवलीय, हे कसं? मी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ पवनचक्कीच्या मालकांच्या ऑफिसात गेले. मूळचे येवल्याचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या पैठणीचं काम. त्यांनी चहा मागवला आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "त्यांना पण दिली, तुम्हाला पण दिली. वारा काय संपतो का, मॅडम?"

मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण रागच येईना. प्रश्न खराच होता. मी म्हटलं, "वारा संपत नाही. पण त्याची झालेली वीज संपते. ती कारखान्यानं वापरून टाकली."

त्यांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "म्हणजे एकच पैठणी दोन गिऱ्हाइकांना विकल्यासारखं झालं?"

"हो."

"असं आमच्या घरात कधी झालं नाही," ते हळूच म्हणाले. कारखान्यानं आधी घेतली होती, म्हणून आमचा सौदा रद्द झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं.

इमारतीचे मालक मात्र खवळले. "तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या? दुसरं काहीतरी लिहून पाठवा ना!" मी पाठवलं नाही. काम हातचं जाणार असं धरूनच चालले होते. ते गेलं नाही, पण मालक माझ्याशी बोलेनासे झाले. प्रमाणपत्राविनाच उद्घाटन उरकलं. पुढच्या पावसाळ्यात वारे सुटले, दुसऱ्या पवनचक्कीकडून नव्यानं वीज घेतली आणि मग प्रमाणपत्र आलं. दारावर पितळी पाटी लागली. त्या कार्यक्रमाचं बोलावणं मला नव्हतं. मी नंतर एकदा जाताजाता रिक्षा थांबवून पाहून आले.

पाटी खोटी नाही, अण्णा. पण वारा पडतो तेव्हाही तिथले दिवे, लिफ्ट, एसी सगळं चालूच असतं, आणि ते कोळशाच्या केंद्रात राबणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या जिवावर. हे लिहायला कुठल्याच अर्जात जागा नसते. "मग आमचं काय?" असं तुम्ही विचारलं असतंत, तर मी काय सांगितलं असतं? इतकी वर्षं या कामात आहे, अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमची आठवण येते, खूप येते. पण हा विषय आपल्यात कधी निघाला नाही, याचं मला थोडं बरंही वाटतं.