लेकीच्या घरचं केळं

प्रिय मोनूबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इकडं सगळं ठणठणीत आहे. म्हैस व्याली, रेडी झाली, आणि तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तो कुरकुरला नाही तरच काळजी करायची. फोन सोडून आप्पांनी कागद का काढला, असं तुला वाटेल. आपल्या दोघांचं फोनवरचं बोलणं तू जाणतेसच. जेवलीस का, जेवले, तुम्ही जेवलात का, जेवलो, आणि मग तुझी आई माझ्या हातातून फोन ओढून घेते. दूध संस्थेत तीस वर्षं मी सभांची इतिवृत्तं लिहिली. हातात पेन असल्याशिवाय मला मुद्द्याला येताच येत नाही. आजही जरा फिरून फिरूनच येणार आहे, तेव्हा गॅस बंद करून बस.

गेल्या रविवारी दौंडला तुझ्या घरी जे घडलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. पण माझ्या बाजूनं काय घडलं ते तुला ठाऊक नाही. आणि मी मांडवगणला परत आल्यावर घरी काय घडलं, ते तर मुळीच नाही.

सुरुवात त्या केळ्यांपासून करतो. दोन वर्षांपूर्वी इंद्रजीतराव त्यांच्या कंपनीतल्या कुणा केरळच्या माणसाकडून केळीचे दोन मुनवे, म्हणजे बुंध्याचे कोंब, घेऊन आले. मी विहिरीच्या कडेला लावले, कारण जावयानं आणलेलं झाड कोपऱ्यात लावलं तर वाईट दिसतं. यंदा पहिला घड आला. एकेक केळं वीतभर, कोनेदार, साल ही जाड. शेजारच्या जयसिंगनं एक सोलून चावलं आणि म्हणाला, "आप्पा, ह्ये केळं हाय का मुसळ?" गावभर झालं, आप्पांनी मुसळं पिकवली. तुझ्या आईनं घड पोत्यात गुंडाळून ठेवला, तर पंधरा दिवसांनी साल काळी ठिक्कर पडली. ती पाटी भरून म्हशीपुढं टाकायला निघाली होती. नशीब, इंद्रजीतरावांचा फोन आला. ते म्हणाले, टाकू नका, साल काळी झाली म्हणजेच आतून गोड झालंय, हे केळं भाजून नाहीतर तळून खातात. म्हणून मी चांगली मोठी फणी पिशवीत घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

नेहमीसारखाच आलो. हँडलला पाण्याची बाटली, फडक्यात भाकरी, पिठलं आणि ठेचा. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती तुला सांगायला नको, नऊ वर्षं तूच ती सोसते आहेस. पहिली दोन वर्षं मी दारात आलो की तू सवयीनं पाण्याचा पेला घेऊन यायचीस आणि मी हसून बाटली दाखवायचो. मला वाटायचं, ही आपली बापलेकीची गंमत आहे. मग एका मे महिन्यात माझी बाटली वाटेतच संपली. मी तुझ्याकडं न मागता खालच्या मजल्यावर सोपानरावांकडं गेलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून दोन पेले पाणी प्यालो. वर बघितलं तर तू गॅलरीत उभी होतीस. परक्याचं पाणी चालतं आणि माझं चालत नाही, एवढंच तुझ्या तोंडावर होतं. त्यानंतर तू मला पाणी विचारायचं सोडलंस. मी ते पाहिलं होतं बरं का. पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे आज कबूल करतो.

मी एवढा हट्टाला का पेटलो होतो ते मात्र कधी सांगितलं नाही. तुझे पाबळचे आजोबा, भिमाजी मामा, माझे सासरे. आमच्या लग्नानंतर चार वर्षं ते यायचे, गोठ्याच्या ओट्यावर बसून आपली शिदोरी खायचे आणि माझ्या घराचा उंबरासुद्धा न ओलांडता जायचे. मला राग यायचा. मग तू झालीस. तुझ्या बारशाच्या दिवशी मामा सगळ्या पाहुण्यांदेखत पाळण्यापाशी मांडी घालून बसले आणि त्यांनी तांब्यानंच पाणी मागितलं. घटाघटा प्याले, मिशा पुसल्या, आणि तुझ्या आईला म्हणाले, "वाढ आता, चार वर्षांचं वाढ." सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. तुझी आई वाढता वाढता हसत होती आणि रडतही होती. त्या दिवशी मी मनात ठरवलं, माझ्या लेकीच्या घरी मीही असाच एक दिवस बसणार. मोने, मी तुझ्या घरचं पाणी नाकारत नव्हतो गं. मी त्या दिवसासाठी तहान राखून ठेवली होती. तुला ते नाकारणंच वाटत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता परवाच्या रविवारचं. मी पिशवी पुढं केली, तू केळ्यांची काळी साल दाबून बघितलीस आणि कपाटावरचं खोकं खाली काढलंस. दिवाळीला इंद्रजीतरावांना कंपनीतून मिळालेलं ते एअर फ्रायर, आठ महिने जसंच्या तसं पॅक. का उघडलं नाही म्हणून विचारलं तर म्हणालीस, दोघांसाठी काय काढायचं. मी तेव्हा पुढं काही विचारलं नाही. ते यंत्र ओट्यावर ठेवल्यावर मात्र माझ्यातला सचिव जागा झाला. मी खण ओढून बघितला, आत जाळी, खाली काही नाही. तेल कुठं घालायचं विचारलं, तू म्हणालीस, घालायचंच नाही. पाणी? तेही नाही. मग तळतंय कोण? तर म्हणे, गरम हवा. तू केळी सोलून तिरक्या जाड चकत्या केल्यास, चमचाभर तुपाचा हात फिरवलास, जाळीवर मांडल्यास आणि बटण दाबलंस. पाच-सात मिनिटांनी खण ओढून चकत्या उलटवल्यास तेव्हा घरभर असा वास सुटला, की गुऱ्हाळात चुलवणापाशी उभा आहे असं मला वाटलं. मी फडकं सोडून भाकरी मोडायला घेतली, पण घास तोंडाकडं जाईना.

आणि तू माझ्यापुढं बशी ठेवलीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कडा तांबूस, कुठं कुठं काळसर, वरती केळ्याच्याच साखरेची चकाकी. मी मान हलवली, तर तू कमरेवर हात ठेवून वकिलासारखी उभी राहिलीस. "आप्पा, केळी कुणाच्या रानातली? तुमच्या. तूप कुणाचं? आईनं धाडलेलं, तुमच्याच म्हशीचं. तेल न्हाई, पाणी न्हाई. ह्यात माझ्या घरचं काय हाय ते दाखवा." मी म्हणालो, वीज. तू म्हणालीस, वीज सरकारची. मी म्हणालो, हवा. तू म्हणालीस, "हवा काय माझ्या सासरची हाय का?" आतल्या खोलीत इंद्रजीतराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी बशीकडं बोट केलं, तर तू चकत्या उचलून मी ज्या वर्तमानपत्रात केळी बांधून आणली होती त्याच्यावर ठेवल्यास. तीस वर्षांत भल्याभल्यांच्या हरकती मी फेटाळल्या, पण तुझ्यापुढं माझी एक हरकत टिकली नाही.

मी खाल्लं. बाहेरून कुरकुरीत, आत साजूक तुपातल्या शिऱ्यासारखं मऊ, आणि गोडी अशी की जयसिंगला बोलवून खायला घालावं. सात चकत्या खाल्ल्या, तू मोजल्या नसशील तर. आणि तू समोर उभी राहून नुसती बघत होतीस. तुझ्या चेहऱ्याकडं मला बघवेना, म्हणून मी उगीचच विचारलं की हे यंत्र किती युनिट खातं.

परत येताना भीमेचा पूल ओलांडला आणि मला धास्ती बसली. आता घरी काय सांगायचं? तुझ्या आईनंही नऊ वर्षं रीत पाळलेली, आणि मी एका केळ्यापायी पाघळलो. तीन दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. बुधवारी धार काढता काढता म्हशीच्या आडोशानं बोलून टाकलं, की मी मोनूकडं खाल्लं. वाकून बघतो तर बाई पदर तोंडात कोंबून हसतेय. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मी तर पयल्या संक्रांतीपासनं खातीया." मोने, तू लबाड आहेस. आम्ही जोडीनं आलो की मी बाहेरच्या खोलीत वाळली भाकरी मोडत बसायचो आणि तुम्ही दोघी आत दार लोटून गरम धिरडी खायचात. कधी शेवयाची खीर, कधी मटणाचा रस्सा. मला वास यायचा, मी समजायचो शेजारचा आहे. सोपानरावांना ठाऊक, जावयाला ठाऊक, मलाच तेवढं ठाऊक नाही. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? तर तिनं चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमाला किती हौस हुती त्या दिवसाची. मी कशी मोडू?" दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी चहा पिताना मला तुमच्या धिरड्यांची आठवण झाली आणि माझं मलाच हसू फुटलं. मग आम्ही दोघं अंगणात बसून येड्यासारखे हसत होतो, आणि जयसिंगची बायको कुंपणावरून बघून गेली.

हसणं थांबल्यावर तुझ्या आईनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय. फाल्गुनापासून तुम्ही पुण्याच्या दवाखान्यात जाणं बंद केलंत. सुया, गोळ्या, तारखा, सगळं तुम्ही दोघांनी मिळून थांबवलंत, आणि त्या दिवशी तू कितीतरी महिन्यांनी शांत झोपलीस. चांगलं केलंत. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. पण तू आईला सांगितलंस म्हणे, की आप्पांना कळू देऊ नको, त्यांना कळलं की ते माझ्याकडं कधीच जेवणार नाहीत. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. पोरी, ती रीत मी मूल नाही म्हणून धरली नव्हती, हौस म्हणून धरली होती. पण तुला ती दर खेपेला टोचत राहिली, हे मला नऊ वर्षं दिसलं नाही, याची मला लाज वाटते. तुझं घर पूर्ण व्हायला आणखी कुणी यायचं राहिलेलं नाही. तू आहेस, इंद्रजीतराव आहेत, तेवढ्यात ते भरलेलं आहे. केळी माझी, तूप माझं, असली पळवाट आता मला नको. तुझ्या पिठाचं, तुझ्या तेलाचं, तुझ्या नळाचं पाहिजे. येत्या रविवारी आम्ही दोघं जेवायला येतोय, आणि रात्री मुक्काम करून सोमवारी जाऊ. पुरण घाल, रस्सा कर, जे तुझ्या मनात असेल ते कर आणि नऊ वर्षांचं वाढ. फक्त एक कर मोने. मी दारात आलो की मला काही विचारू नकोस. आधी पाणी दे.

तुझाच, रविवारची वाट बघणारा,
आप्पा